शेजारच्या पट्टीची साक्ष

गुहागर तालुक्यातल्या हेदवीला लोक येतात ते दशभुज लक्ष्मीगणेशाच्या दर्शनाला, आणि भरतीची वेळ साधली तर बामणघळीत उसळणारं पाणी बघायला. या लेखातल्या काका-पुतणीला मी याच गावात, एका जांभ्याच्या घराच्या ओटीवर बसवलं आहे. दोघंही कल्पित आहेत. काकांची नोकरी ट्रॉम्बेला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्कशॉपात झाली आणि निवृत्तीनंतर ते घर उघडायला परत आले. पुतणी कणभौतिकीत पीएच. डी. करते. ती डिटेक्टर बांधत नाही, डिटेक्टरमधून आलेले आकडे चाळते. दोघांत जो वाद होतो तो मात्र मी कल्पनेतून काढलेला नाही. डिटेक्टर बांधणारे आणि त्यातले आकडे वाचणारे यांच्यात तो जगभरच्या प्रयोगशाळांत चालू असतो.

आधी ज्यावर वाद आहे ती वस्तू बघू. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो. जांभ्याची भिंत त्याला अडवत नाही, कौलांचं तर नावच नको. असा कण नेमका कुठून गेला हे पकडायला ‘रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर’ वापरतात. इटलीत सान्तोनिको आणि कार्दारेल्ली यांनी 1981 मध्ये तो मांडला. भारतातल्या न्यूट्रिनो वेधशाळेच्या प्रकल्पासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने काचेचे असे चेंबर घडवले गेले, आणि मदुराईतल्या ‘मिनी-आयकॅल’ या छोट्या प्रतिकृतीत लोखंडी पत्र्यांच्या थरांमध्ये ते बसवले आहेत. काचेचे 3 मिलिमीटर जाडीचे दोन तक्ते, मध्ये 2 मिलिमीटरची पोकळी, पोकळीत वायूंचं मिश्रण आणि तक्त्यांवर सुमारे 10 हजार व्होल्ट. म्युऑन गेला की पोकळीत इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो. बाहेर, काचेपलीकडे तांब्याच्या पट्ट्या असतात. पट्टी 28 मिलिमीटर रुंद, मग 2 मिलिमीटर फट, मग पुढची पट्टी. एका बाजूच्या पट्ट्या उभ्या, दुसऱ्या बाजूच्या आडव्या.

काका: म्हणजे दर 30 मिलिमीटरला एक पट्टी. कण सतरा नंबरच्या पट्टीखालून गेला, तर सतराने बोलावं. अठराही बोलली तर ती खोटं बोलते. जुन्या टेलिफोनवर पावसाळ्यात क्रॉस कनेक्शन लागायचं, आठवतं? आपण गुहागरला बोलतोय आणि मध्येच कोणी तिसराच सुपारीचा भाव सांगतोय. लाइनमन यायचा, जोड उघडायचा, पाणी शिरलेलं साफ करायचा. क्रॉसटॉकवर तेवढाच इलाज आहे. तो तोडायचा.

पुतणी: टेलिफोनवर शेजारचं बोलणं आपल्याला नकोच असतं, काका. मला इथे शेजारची पट्टी हवी आहे. कण सतरा नंबरखाली होता एवढ्यावर माझं भागत नाही. डाव्या कडेला होता की उजव्या, हे हवं. आणि एकटी पट्टी ते सांगूच शकत नाही.

हिशेब करून बघावा असा हा मुद्दा आहे. पट्टी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत असेल आणि एकच पट्टी बोलली, तर कण त्या 30 मिलिमीटरमध्ये कुठेही असू शकतो. मधोमध धरून चाललं तर सरासरी चूक निघते रुंदी भागिले बाराचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे 8.7 मिलिमीटर. आता समजा, कण दोन पट्ट्यांच्या सीमेपासून 4 मिलिमीटरच्या आत असेल तेव्हा, आणि फक्त तेव्हाच, दोघी बोलतात. मग दोघी बोलल्या की तो 8 मिलिमीटरच्या अरुंद पट्ट्यात आहे हे कळतं आणि चूक 2.3 मिलिमीटरवर येते. एकटी बोलली, तर तो उरलेल्या 22 मिलिमीटरमध्ये आहे, कडेला नाही, हेही कळतं, आणि चूक 6.4 वर येते. सगळे कण एकत्र धरले तर 8.7 ची चूक 5.6 वर उतरते. एक पैसाही खर्च न करता, केवळ शेजारणीला बोलू दिल्यामुळे.

काका: ‘फक्त तेव्हाच’ हे शब्द तू फार हलक्या हाताने टाकलेस. सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. कण सतराच्या अगदी पोटात गेला आणि तरी अठरा बोलली, तर तुझा हिशेब त्याला सीमेवर नेऊन बसवणार. 15 मिलिमीटरची चूक! काहीच माहीत नाही म्हणून मधोमध धरलं असतंस तर त्याहून बरं झालं असतं.

पुतणी: हे मान्य.

काका: मग मी सांगतो अठरा का बोलते. लोंढ्याचे इलेक्ट्रॉन पट्टीला शिवत नाहीत, मध्ये काच आहे. ते पोकळीत सरकतात आणि त्यांच्या सरकण्यामुळे पट्टीवर प्रवाह प्रेरित होतो. तो थोडा पसरट असतो, म्हणून सीमेवरचा कण दोन्ही पट्ट्यांना जाणवतो. इथपर्यंत तुझं बरोबर. पण पुढे काय होतं? स्पंद पट्टीवरून जवळजवळ दोन मीटर धावत कडेच्या ॲम्प्लिफायरपर्यंत जातो. शेजारी समांतर दुसरी पट्टी. दोन समांतर तांबी पट्ट्या म्हणजे कपॅसिटर झाला, आणि थोडा ट्रान्स्फॉर्मरही. स्पंदाची चढण जितकी उभी तितका शेजारी जास्त धक्का. टोकाला टर्मिनेशनचा रेझिस्टर नीट जुळलेला नसेल तर स्पंद उलटा फिरतो आणि वाटेत पुन्हा शेजारणीला ढोसतो. बोर्डावर आठ चॅनेलना एकच बारीक अर्थ दिला असेल, तर एकाच्या स्पंदाने सगळ्यांचा शून्य हलतो. यातलं एकही कण कुठे होता ते सांगत नाही. ते फक्त माझं वायरिंग कसं आहे ते सांगतं.

काकांचं हे बोलणं मला या वादातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यांनी एका नावाखाली दडलेल्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पोकळीत झालेली वाटणी कणाच्या जागेवर अवलंबून असते. तारांत झालेली गळती नसते. शेवटी आकड्यांच्या फाइलमध्ये मात्र दोन्ही एकसारख्याच दिसतात: सतरा आणि अठरा, दोघी बोलल्या.

गळती वायूवरही ठरते. लोंढा हाताबाहेर जाऊन ठिणगीसारखा ‘स्ट्रीमर’ झाला तर स्पंद शेकडो पटींनी मोठा होतो. मग त्याचा दोन-तीन टक्के अंशही शेजारच्या पट्टीचा थ्रेशोल्ड, म्हणजे ‘हो’ म्हणण्याची किमान पातळी, ओलांडून जातो आणि एका कणामागे तीन-चार पट्ट्या बोलू लागतात. म्हणून वायूच्या मिश्रणात सल्फर हेक्झाफ्लोराइडचा अर्ध्या टक्क्याहून कमी अंश घालतात, तो स्ट्रीमर दाबतो. लोंढा लहान राहिला की स्पंदही जेमतेम काही मिलिव्होल्टचा होतो, आणि मग चांगला ॲम्प्लिफायर लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात यासाठी ‘अनुस्पर्श’ नावाची चिप तयार झाली. काका त्या नावाचा उच्चार अभिमानाने करतात आणि तो रास्त आहे.

पुतणी: तुम्ही ज्याला वायरिंग म्हणून झटकता, त्यानेच एकदा या क्षेत्राचा पाया घातला. 1968 मध्ये सर्नमध्ये जॉर्ज शार्पाक यांनी अनेक तारांचा चेंबर केला. त्याआधी लोक धजत नव्हते ते याच भीतीने. तारा एकमेकींपासून काही मिलिमीटरवर, त्यांच्यात कपॅसिटन्स, म्हणजे एका तारेचा स्पंद सगळीकडे पसरणार आणि कोणती तार खरी ते कळणारच नाही. शार्पाक यांनी दाखवलं की लोंढा ज्या तारेवर येतो तिथे ऋण स्पंद निघतो, आणि आयन सरकताना शेजारच्या तारांवर उलटा, धन स्पंद प्रेरित करतात. कपॅसिटन्समधून आलेला ऋण अंश त्याखाली दबून जातो. खरी तार चिन्हावरूनच ओळखू येते! पुढे समोरच्या कॅथोडच्या पट्ट्यांवर प्रेरित झालेले स्पंद मोजून, त्यांचा भारमध्य काढून, तारांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी बारीक जागा सांगता येऊ लागली. 1992 चं नोबेल त्यांना मिळालं.

काका: त्यांनी गळतीचा उपयोग केला नाही. गळतीला प्रेरित स्पंदाने हरवलं. दोन्ही एक नव्हेत.

पुतणी: मग हे घ्या. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर 2011 पासून ‘एएमएस-02’ डिटेक्टर आहे. त्यात सिलिकॉनच्या पट्ट्या 27.5 मायक्रॉनवर आहेत, पण वाचली जाते ती दर चौथी, म्हणजे 110 मायक्रॉनवर. मधल्या तिघींना ॲम्प्लिफायरच नाही. त्यांच्यावर पडलेला भार कपॅसिटन्समधून दोन्हीकडच्या वाचल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर जातो, जवळचीवर जास्त, लांबचीवर कमी. 110 भागिले बाराचं वर्गमूळ म्हणजे जवळपास 32 मायक्रॉन. प्रत्यक्षात सुमारे 10 मायक्रॉनपर्यंत जागा कळते. काका, हा शंभर टक्के क्रॉसटॉक आहे. मुद्दाम रचलेला.

काका: मुद्दाम रचलेला, म्हणून मला चालतो. कपॅसिटन्स किती, हे बनवणाऱ्याने कागदावर आधी लिहिलं. आणि फुकट काही मिळालेलं नाही. मधल्या पट्टीवरचा थोडा भार खाली पाठीच्या इलेक्ट्रोडकडेही जातो, तेवढा सिग्नल बुडतो. अवकाशात वीज मोजकी, प्रत्येक चॅनेल महाग, म्हणून तो तोटा पत्करला.

पुतणी: मग तुमचा आक्षेप क्रॉसटॉकला नाहीच. न मोजलेल्या क्रॉसटॉकला आहे.

काका: असं म्हण हवं तर. पण मोजून झाल्यावर तू काय करणार?

पुतणी: उलटवणार. प्रत्येक पट्टीचा किती टक्के भार शेजारणींकडे जातो त्याचा तक्ता करायचा, त्या मॅट्रिक्सचं व्यस्त काढायचं आणि मोजलेल्या आकड्यांना गुणायचं. मूळ भार परत मिळतो.

काका: आणि त्याबरोबर कचरा किती वाढतो?

इथे मी मध्ये पडतो, कारण या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता येतं. पट्टी आपल्या दोन्ही शेजारणींना प्रत्येकी स्वतःच्या भाराचे 5 टक्के देत असेल आणि प्रत्येक ॲम्प्लिफायरचा नॉइज स्वतंत्र असेल, तर उलटवताना नॉइज एक टक्काही वाढत नाही. पण गळती 30 टक्के असेल तर नॉइज 40 टक्क्यांनी वाढतो. गळती 50 टक्क्यांकडे सरकली तर हिशेब कोसळतोच. म्हणजे वर्कशॉपात काकांनी 30 चे 5 केले, तर पुतणीचं गणित चालतं. तसं झालं नाही, तर तिचं मॅट्रिक्स बिनचूक असूनही उपयोगाचं नाही.

आणखी एक अडचण आहे आणि ती पुतणीच्या बाजूला जास्त बोचते. उलटवायला भार किती ते माहीत हवं. मिनी-आयकॅलसारख्या मांडणीत पट्टीचा स्पंद थ्रेशोल्डशी ताडला जातो आणि पुढे मुख्यतः ‘हो’ किंवा ‘नाही’ आणि वेळ एवढंच जातं. ‘हो’चे 5 टक्के काढता येत नाहीत. जी माहिती बोर्डावरच टाकून दिली ती नंतर कोणत्याही संगणकावर परत येत नाही. अशा डिटेक्टरमध्ये क्रॉसटॉक तांब्याच्या, अर्थिंगच्या आणि टर्मिनेशनच्या पातळीवरच मारावा लागतो, आणि इथे माझा कौल काकांना आहे.

पुतणी: तरी एक उरतं. सगळा क्रॉसटॉक दोन्ही बाजूंना सारखा असेल तर भारमध्य हलत नाही, फक्त भार पसरतो. पण तो एकाच बाजूला असला तर? अनेक चॅनेलचे भार एकाच तारेवरून एकामागून एक पाठवतात तेव्हा आधीच्याचं शेपूट पुढच्यात मिसळतं. नेहमी पुढच्यातच, मागच्यात कधी नाही. समजा 5 टक्के. तुमच्या 30 मिलिमीटरच्या पट्ट्या अशा वाचल्या तर भारमध्य 1.4 मिलिमीटर सरकेल. प्रत्येक कणाचा, नेहमी एकाच दिशेला.

काका: सगळ्यांचा सारखाच सरकला तर तुझी अलाइनमेंट तो गिळून टाकेल. चेंबर 1.4 मिलिमीटर बाजूला बसलाय असं समजून चालायचं.

पुतणी: सगळे थर एकाच बाजूला सरकले तर. पण एका थराचा बोर्ड डावीकडे बसवला आणि पुढच्याचा सोयीसाठी उजवीकडे, तर एक थर इकडे सरकतो, दुसरा तिकडे. चुंबकीय क्षेत्रात म्युऑन किती वळला यावरून आपण त्याचा संवेग काढतो आणि कोणत्या बाजूला वळला यावरून धन की ऋण ते ठरवतो. थरांची सरकण अशी उलटसुलट आणि कमीजास्त झाली की सरळ कणसुद्धा वळलेला भासू शकतो. तुम्ही ते स्कोपवर पकडाल का? 5 टक्क्यांची ती शेपटी तुमच्या डोळ्यांना चांगली वाटेल. मी ती लाखो म्युऑनांच्या सरासरीत पकडते.

कशी पकडते तेही बघण्यासारखं आहे. दहा थरांपैकी एक थर, समजा पाचवा, बाजूला ठेवायचा. बाकीच्या नऊ थरांतल्या बिंदूंमधून मार्ग आखायचा. तो मार्ग पाचव्या थराला जिथे छेदतो ती अपेक्षित जागा. पाचव्या थराने स्वतः सांगितलेली जागा तिच्यातून वजा करायची. असे फरक साठवून त्यांचा आलेख काढला की चेंबरची सगळी लक्षणं त्यात उतरतात. आलेखाची रुंदी म्हणजे जागेची अचूकता. मधला ढीग शून्यावर नसेल तर चेंबर सरकलेला आहे किंवा गळती एकतर्फी आहे. आणि दोन पट्ट्या बोललेले कण वेगळे काढून त्यांचाच आलेख केला, तर खरी वाटणी असलेले कण शून्याजवळ अरुंद उभे राहतात आणि तारांतून शेजारी बोललेले दोन्ही बाजूंना दूरवर पसरतात. फाइलमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. दोन मीटर बाजूच्या चेंबरवर मिनिटाला चाळीसेक हजार म्युऑन पडतात, त्यामुळे आकड्यांची टंचाई नसते.

काका: एवढं बारीक काढून तुला करायचंय काय? पत्रा 5.6 सेंटिमीटर जाड लोखंडाचा. त्यातून जाताना म्युऑन स्वतःच अणूंवर आपटत डगमगतो.

काकांनी इथे नेमकं बोट ठेवलं आहे. 1 जीईव्ही संवेगाचा म्युऑन असा एक पत्रा ओलांडताना सुमारे दीड अंश इकडेतिकडे होतो. दहा पत्र्यांनंतर तो आपल्या सरळ मार्गापासून काही सेंटिमीटर भरकटलेला असतो. अशा कणाची जागा प्रत्येक थरात एक मिलिमीटरपर्यंत सांगून फार काही हाती लागत नाही, आणि म्हणूनच या डिटेक्टरला 3 सेंटिमीटरच्या पट्ट्या शोभतात. 10 जीईव्हीच्या म्युऑनचं डगमगणं दहा पटींनी कमी असतं. तिथे मात्र 8.7 आणि 5.6 मधला फरक संवेगाच्या आकड्यात दिसू लागतो.

पुतणी: म्हणजे वेगवान म्युऑनांपुरती मी बरोबर.

काका: आणि त्यांच्यासाठीसुद्धा आधी माझं अर्थिंग बरोबर हवं. तक्ता तयार करायचा तर तो चेंबर बंद व्हायच्या आधी कर. प्रत्येक पट्टीत पल्सरने ठरलेला स्पंद सोड, दोन्ही शेजारणींवर काय येतं ते स्कोपवर वाच, आणि चेंबरच्या नंबराशेजारी लिहून ठेव. एकदा तो लोखंडाच्या पत्र्यांमध्ये सरकवला की त्याच्या पोटात तार घालता येत नाही.

पुतणी: ते आकडे मला द्याल?

काका: मागायला तरी कोणी यायला हवं वर्कशॉपात.

मला विचाराल तर ‘क्रॉसटॉक कमी करावा की वापरावा’ हा प्रश्नच अर्धवट आहे. पट्टी फक्त ‘हो’ म्हणणार असेल तर कमी करावा, जमेल तितका. ती ‘किती’ हेही सांगणार असेल तर वाटणी वाढवावी आणि गळती मोजून ठेवावी. हा निर्णय पट्टी कापण्याआधी घ्यायचा असतो, आकडे आल्यानंतर नाही. म्हणून पट्टी कापणारा आणि आकडे वाचणारा हे पहिल्या दिवसापासून एकाच टेबलावर हवेत. पुतणीने वर्कशॉपात महिनाभर सोल्डरिंग करावं आणि काकांसारख्यांना फरकांचे आलेख बघायला मिळावेत, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे या दोन कामांत जी उतरंड मानली जाते, आकडेवाला वर आणि तारवाला खाली, तिचा फटका शेवटी त्या 8.7 च्या आकड्यालाच बसतो.

हे सगळं मदुराईला न जाताही हाताने करून बघता येतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कॉलेजांतल्या भौतिकीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रयोगशाळेत फंक्शन जनरेटर आणि ऑसिलोस्कोप आहेतच. जुन्या संगणकातली चपटी रिबन केबल काढा, जितकी लांब मिळेल तितकी. एका तारेत चौकोनी स्पंद सोडा आणि लगतच्या तारेवर काय येतं ते मोजा. मग एक तार सोडून पलीकडच्या तारेवर मोजा. मग मधली तार दोन्ही टोकांना अर्थ करा आणि पुन्हा मोजा. मग टोकाला शंभरेक ओहमचा रेझिस्टर लावा, पुन्हा मोजा. चार आकडे वहीत लिहा. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हे एका दुपारी जमतं.